नसा नसांना कशा आवळतील?

अर्धविराम
उच्च रक्तदाबाच्या रुग्णांसाठी असलेल्या एका माहितीपुस्तिकेचं भाषांतर करते आहे. पहिल्याच पानावर अडले. मी लिहिलं होतं, "संप्रेरकं आणि नसा रक्तवाहिन्यांच्या आकुंचनाचं नियंत्रण करतात." खर्डा मावशीला वाचायला दिला. तिची रक्तदाबाची गोळी कित्येक वर्षं चालू आहे, म्हणजे पुस्तिका जिच्यासाठी आहे तीच ही वाचक. तिने ते वाक्य दोनदा वाचलं आणि विचारलं, "नसा म्हणजेच रक्तवाहिन्या ना गं? मग नसा नसांना कशा आवळतील?"

मी 'नसा' खोडून 'चेतातंतू' केलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्याचं 'मज्जातंतू' केलं, आणि 'आकुंचन'खाली रेघ मारून शेरा दिला, "आकुंचन स्नायूचं होतं, वाहिनीचं नव्हे." शाळेत हृदयाचं आकुंचन-प्रसरण शिकून आपण सगळे मोठे झालो, त्यामुळे हा शेरा मला लागला. नर्व्हला काय म्हणावं, वाहिनीच्या अरुंद होण्याला काय म्हणावं, आणि जमलं तर हेही सांगा, की इथे 'नियंत्रण' बरोबर की 'नियमन'? हे तिसरं मला खरंच कळत नाही.

पागोळी
मावशींचं काही चुकलेलं नाही. 'मानेतली नस दबली' म्हणतो तेव्हा नर्व्ह असते. 'हाताची नस कापली' म्हणतो तेव्हा रक्तवाहिनी असते. 'नसेवर नस चढली' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा पोटरीच्या स्नायूचा गोळा असतो. एकच शब्द, तीन अवयव. बोलताना प्रसंगावरून कळतं म्हणून कुणाचं अडत नाही. तुमच्या वाक्यात मात्र दोन नसा शेजारी येऊन बसल्या.

'शीर'चंही तेच. 'कपाळावरची शीर उडते' ती रक्ताची, पण 'पाठीत शीर भरली' ती कुठली?

बोरू
म्हणूनच शास्त्रीय लेखनात 'नस' नको. मराठी विश्वकोशाने किती वर्षांपूर्वी हा घोळ मिटवून ठेवला आहे: तंत्रिका, रोहिणी, नीला. तंत्रिका म्हणजे नर्व्ह, रोहिणी म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी, नीला म्हणजे परत आणणारी. तिन्ही शब्द नेमके आहेत. आपण वापरत नाही म्हणून ते अवघड वाटतात आणि अवघड वाटतात म्हणून वापरत नाही. कुणीतरी हे चक्र तोडायला हवं, आणि भाषांतरकारानेच ते तोडलं नाही तर दुसरं कोण तोडणार?

पागोळी
रुग्णपुस्तिकेत नव्हे. तिथे माणूस आपल्या जिवाची काळजी घेऊन वाचायला बसलेला असतो. त्याला तुमच्या परिभाषेची सवय लावायची ती जागा नाही.

मूळाक्षर
नस-शिरेचा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. ग्रीकमध्ये 'न्यूरॉन' म्हणजे मुळात स्नायुबंध, दोरी, धनुष्याची प्रत्यंचासुद्धा. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात हेरोफिलसने शवविच्छेदन करून संवेदना वाहणारे तंतू वेगळे ओळखले, आणि तरी शब्द तोच राहिला. 'आर्टरी' म्हणजे रोहिणी, तिची गंमत पुढची. प्रेताच्या रोहिण्या रिकाम्या सापडत, म्हणून त्यांत हवा असते असा समज होता. आता आपली 'धमनी' बघा: धातू 'धम्', म्हणजे फुंकणे. भात्याने वारा घालावा तसं. ग्रीक वैद्य आणि आपले वैद्य दोघांनाही त्या नळीत वारा दिसला, हे मला फार विलक्षण वाटतं.

बोरूंच्या 'रोहिणी' आणि 'नीला' या शब्दांबद्दल. सुश्रुतसंहितेत सातशे शिरा सांगितल्या आहेत, आणि त्यांचे रंगावरून चार गट आहेत. वाताच्या अरुणा, पित्ताच्या नीला, कफाच्या गौरी आणि रक्ताच्या रोहिणी. प्रत्येकी १७५. म्हणजे 'नीला' तिथे पित्त वाहणारी शीर होती. आजचा अर्थ आपण नंतर दिलेला आहे. तेव्हा 'तयार परिभाषा' म्हणताना ती कधीतरी कुणीतरी वळवून घेतलेली आहे हे लक्षात असू द्यावं.

बोरू
वळवून घेतली म्हणून बिघडली असं होत नाही. शब्द जुना, अर्थ नेमून दिलेला, हीच तर परिभाषा.

नाडीपरीक्षा
मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, म्हणून दुसऱ्या शब्दाबद्दल बोलते. डॉक्टरांचा शेरा बरोबर आहे, आणि तो का बरोबर आहे ते कळलं तर मावशींच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच मिळेल.

रक्तवाहिनीच्या भिंतीत मधल्या थराला गुळगुळीत स्नायूपेशी असतात, वाहिनीभोवती वेढे घातल्यासारख्या. पेशीत कॅल्शियम वाढलं की त्या आखूड होतात. ते आकुंचन. वेढा आखूड झाला की आतली पोकळी अरुंद होते. हा त्याचा परिणाम. इंग्रजीत पहिल्याला काँट्रॅक्शन आणि दुसऱ्याला कन्स्ट्रिक्शन असे दोन शब्द आहेत, आपण दोन्हीला 'आकुंचन' म्हणून मोकळे होतो. हृदयाच्या बाबतीत ते खपून जातं, कारण हृदय म्हणजे स्नायूच. वाहिनी म्हणजे भिंत आणि पोकळी, आणि रक्ताचा संबंध पोकळीशी.

पोकळीचं महत्त्व किती? त्रिज्या निम्मी झाली तर रक्ताला होणारा रोध दुप्पट होत नाही, १६ पट होतो. त्रिज्या फक्त १० टक्क्यांनी घटली, तरी दाब तोच असताना प्रवाह जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होतो. हे सगळं मुख्यतः रोहिणिकांमध्ये, म्हणजे रोहिणीच्या अगदी बारीक शेवटच्या फांद्यांमध्ये घडतं. म्हणून पुस्तिकेत 'आकुंचन' लिहून पुढे गेलात तर वाचकाला अरुंद होणं दिसतच नाही, आणि रक्तदाब कळायला नेमकं तेच दिसावं लागतं.

आता मावशी. नसा (मी मज्जातंतू म्हणेन) वाहिनीला आवळत नाहीत. त्या भिंतीतल्या स्नायूला निरोप देतात, आवळतो तो स्नायू. तुमच्या वाक्यातून स्नायूच गळाला आहे, म्हणून नसा नसांना आवळू लागल्या.

अर्धविराम
हे वाचून मला एकदम हलकं वाटलं. कर्ताच हरवला होता! पण मग क्रियापद कुठलं? स्नायू 'आकुंचन पावतो' आणि वाहिनी 'संकोचते'? 'वाहिनीसंकोच' असा शब्द मी कुठेतरी पाहिला आहे.

पागोळी
संकोच नको. संकोच माणसाला वाटतो.

मूळाक्षर
दोन्ही शब्द जवळच्याच धातूंचे आहेत, कुञ्च् आणि कुच्. वैशेषिक दर्शनात कर्माचे पाच प्रकार सांगितले आहेत: उत्क्षेपण, अवक्षेपण, आकुंचन, प्रसारण, गमन. तिथल्या आकुंचनात सरळ वस्तू वाकते आणि तिची टोकं आत येतात. म्हणजे हात कोपरात दुमडणं. नळी अरुंद होणं त्यात बसत नाही. डॉक्टरांच्या शेऱ्याला हा फार जुना आधार मिळाला. आणि हृदयाच्या जोडीतलं 'प्रसरण' हे तिथलं 'प्रसारण'च. आता प्रसारण म्हटलं की रेडिओ आठवतो, म्हणून शाळेच्या पुस्तकांनी प्रसरण धरलं असावं, असा माझा कयास.

माझ्या मते 'कुचंबणा'सुद्धा याच कुच् मधून आली. जागा अरुंद पडली की माणूस कुचंबतो.

बोरू
कुचंबणेचा पुरावा द्या. ध्वनी सारखा आहे एवढ्यावर व्युत्पत्ती ठरत नाही.

मूळाक्षर
पुरावा नाही. कयास आहे, आणि तो मी सोडणार नाही.

वाटसरू
मी 'आकसणे' सुचवतो. थंडीत हात आकसतात, भीतीने माणूस आकसतो, तशी वाहिनी आकसते. अकर्मक क्रियापद आहे, बाहेरून कुणी दाबतंय असं वाटत नाही. 'आवळणे' सकर्मक. गळा आवळतात, मूठ आवळतात, गाठ आवळतात. आवळणारा वेगळा लागतो.

पागोळी
कापड आकसतं ते पुन्हा मोठं होत नाही. वाहिनी पुन्हा रुंद होते ना?

वाटसरू
कापड आटतं. माझ्या कानाला आकसणं उलटणारं आहे. गोगलगाय हात लावला की आकसते आणि थोड्या वेळाने बाहेर येते.

पागोळी
आमच्या घरी कापडही आकसायचंच. आई धुतल्यावर म्हणायची, "आकसलं गं, आता धाकटीला होईल." मी 'बारीक होणे' म्हणेन. उजेडात डोळ्याची बाहुली बारीक होते म्हणतो, तशा वाहिन्या बारीक होतात. कुठल्याही वाचकाला कळेल.

नाडीपरीक्षा
बाहुलीचं उदाहरण चांगलं आहे, तिथेही स्नायूचा वेढाच आहे. पण 'बारीक होणे'मध्ये जोर नाही. वाहिनी वाळून बारीक झाली असंही कुणी समजेल. आणि 'आखडणे' कुणी सुचवण्याआधीच नाही म्हणते. आखडलेला पाय दुखतो, आवळलेली रोहिणिका दुखत नाही. तुमच्या माझ्या अंगातल्या रोहिणिका या क्षणी अर्धवट आवळलेल्याच आहेत.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, शब्द निवडायला ती उपयोगी पडेल. क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५१-५२ च्या सुमारास सशाच्या मानेतला अनुकंपी (सिंपथेटिक, म्हणजे आपल्या इच्छेविना चालणाऱ्या यंत्रणेतला) मज्जातंतू कापला. त्या बाजूचा कान लाल झाला, हाताला गरम लागू लागला. १८५२ मध्येच ब्राउन-सेकारने उलटा प्रयोग केला. त्या तंतूच्या टोकाला विजेने चेतवलं, तर कान फिका पडला आणि गार झाला. म्हणजे तो तंतू अखंडपणे "आवळून धर" असा निरोप पाठवत होता. तो तोडल्यावर वाहिन्यांना कुणी रुंद केलं नाही, त्या नुसत्या सुटल्या.

बहुतेक वाहिन्यांना रुंद करणारा वेगळा मज्जातंतू नसतोच. निरोप वाढला की अरुंद, कमी झाला की रुंद. म्हणून 'विस्फारण', 'प्रसरण' हे शब्द मला खटकतात. त्यांत कुणीतरी जोर लावून उघडतंय असं चित्र येतं. 'सैल सोडणे' हे खरं वर्णन आहे.

बोरू
'सैल सोडणे' हे वर्णन झालं, संज्ञा नव्हे. त्याला सामासिक शब्द करता येत नाही, विशेषण करता येत नाही. 'वाहिनी सैल सोडणारं औषध' असं पुस्तकभर लिहिणार का?

पागोळी
हो. का नाही?

मूळाक्षर
तुम्ही 'अनुकंपी' म्हणालात ते धरतो. सिंपथेटिकला 'अनुकंपी' हा विश्वकोशातला शब्द. पुष्कळांना तो हास्यास्पद वाटतो, कारण अनुकंपा म्हणजे दया. पण मूळ शब्दातही दयेचा संबंध तसा नाहीच. एका अवयवाला काही झालं की दुसऱ्याला त्याची झळ लागते, या प्राचीन ग्रीक वैद्य गेलनच्या कल्पनेतून ते नाव आलं, आणि अठराव्या शतकात शरीररचनाशास्त्रज्ञ विन्स्लोने ते या तंतूंना दिलं. अनु-कंप म्हणजे दुसऱ्याबरोबर थरथरणे. भीतीने अंग थरथरतं तेव्हा हीच संस्था जागी असते! इतका नेमका शब्द मराठीला मिळाला आहे.

वाटसरू
भीतीचं निघालं म्हणून. आपले वाक्प्रचार एकत्र ठेवून बघा: अंगावर काटा आला, दरदरून घाम फुटला, तोंडचं पाणी पळालं, चेहरा पांढराफटक पडला, हातपाय गार पडले. अनुकंपी संस्था काय करते याची ही जवळजवळ पूर्ण यादी झाली की! यातले शेवटचे दोन तर थेट त्वचेतल्या वाहिन्या अरुंद होण्याचेच. मी तोंडी परीक्षेला बाहेर बसलो होतो तेव्हा माझी बोटं इतकी गार होती की मित्राने हात हातात घेऊन चोळले. तेव्हा माझ्या तोंडून 'रक्त गोठलं' असं निघालं होतं.

नाडीपरीक्षा
यादी खरंच सुंदर आहे, वर्गात वापरीन. दोन दुरुस्त्या. घामाच्या ग्रंथींकडे जाणारे तंतू अनुकंपीच असतात, पण त्यांच्या टोकाला असेटिलकोलीन हे निरोप पोचवणारं रसायन सुटतं. वाहिन्यांकडे जाणाऱ्यांच्या टोकाला नॉरअ‍ॅड्रेनलीन सुटतं, हे स्वीडिश शास्त्रज्ञ फॉन ऑयलरने १९४६ मध्ये दाखवलं. आणि 'रक्त गोठलं' पुस्तिकेत चुकूनही नको. गोठणं म्हणजे गुठळी. रक्तदाबाच्या रुग्णाला तो शब्द दिसला तर तो घाबरेल, आणि ते योग्यच असेल.

अर्धविराम
संप्रेरकांचं कुणी बोललंच नाही. तिथे मला 'हॉर्मोन' ठेवावंसं वाटतं. मावशीला थायरॉइडमुळे तो शब्द माहीत आहे.

बोरू
'संप्रेरक' सोडू नका. हा माझा या चर्चेतला शेवटचा किल्ला आहे असं समजा. इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंगने १९०५ मध्ये 'हॉर्मोन' शब्द वापरात आणला तो ग्रीक 'होर्माओ' वरून, म्हणजे चेतवणे, चालना देणे. आपला सम्-प्र-ईर् तेच सांगतो. ज्याने हा शब्द घडवला त्याने मूळ अर्थापर्यंत जाऊन घडवला आहे. इतक्या मेहनतीने केलेला शब्द आपण 'मावशीला माहीत नाही' म्हणून टाकून द्यायचा?

पागोळी
बोरू, तुमची तळमळ कळते. पण इंग्रजी वाचकाला 'हॉर्मोन'मधलं ग्रीक क्रियापद कुठे ऐकू येतं? त्यालाही तो नुसता सवयीचा शब्द आहे.

मूळाक्षर
शब्दांवरून भांडण शास्त्रज्ञांतही झालं आहे. वाहिन्या आवळायला लावणारं एक द्रव्य १९४०च्या सुमारास दोन गटांनी वेगवेगळं शोधलं. अर्जेंटिनातल्या गटाने त्याला 'हायपरटेन्सिन' म्हटलं, अमेरिकेतल्या गटाने 'अँजिओटोनिन'. दोन्ही नावं जवळजवळ अठरा वर्षं चालली. शेवटी १९५८ मध्ये त्या दोन गटांतल्या ब्राउन-मेनेंडेस आणि पेज यांनी अर्धं अर्धं जोडून 'अँजिओटेन्सिन' केलं. आता त्यातला 'टेन्स', त्यातला 'टोन' आणि आपला धातू 'तन्', म्हणजे ताणणे, हे एकाच मुळाचे. तन् मधूनच ताण, तंतू, तंत्र आणि बोरूंची तंत्रिका! इतकं सगळं एका मुळाला लागलेलं पाहून रात्री झोप लागली नाही.

नाडीपरीक्षा
अर्धविराम, एक सावधगिरी. 'संप्रेरकं आवळतात' असं सरसकट लिहू नका. अ‍ॅड्रेनलीन त्वचेतल्या आणि आतड्यांतल्या वाहिन्या आवळतं, कारण तिथे अल्फा ग्राही (पेशीवरच्या निरोप झेलणाऱ्या जागा) जास्त. कमी प्रमाणात असेल तर तेच अ‍ॅड्रेनलीन हातापायांच्या स्नायूंमधल्या वाहिन्या बीटा ग्राहींमार्फत सैल करतं. पळायचं असेल तर रक्त पायांत हवं, पोटात नव्हे. व्हॅसोप्रेसिन या हॉर्मोनच्या नावातच वाहिनी आणि दाब आहेत, पण रोजच्या प्रमाणात त्याचं मुख्य काम मूत्रपिंडात पाणी राखणं. रक्तस्राव झाला, प्रमाण खूप वाढलं, की ते आवळायला लावतं.

वेगही वेगळा. तुम्ही अंथरुणातून उभे राहता तेव्हा अर्धा लिटर किंवा जास्तच रक्त पायांकडे उतरतं. मानेतल्या रोहिणीतले दाब ओळखणारे तंतू ते लगेच हेरतात आणि काही सेकंदांत वाहिन्या आवळल्या जातात, म्हणून चक्कर येत नाही. हे मज्जातंतूंचं काम. अँजिओटेन्सिनला मिनिटं लागतात, पण त्याचा परिणाम टिकतो. आणि वाहिनीचं आतलं अस्तर स्वतःही बोलतं. नायट्रिक ऑक्साइड सोडून ते स्नायू सैल करतं, एंडोथेलिन सोडून आवळायला लावतं. म्हणजे मज्जातंतू आणि हॉर्मोन हे दोघेच मालक नाहीत.

वाटसरू
आणि मी 'नाडी'ची वाट बघत होतो. वैद्य बघतो ती नाडी, योगातली इडा-पिंगला ती नाडी, आणि कमरेला आवळतो ती नाडी. वाहिनी, तंतू आणि आवळायची दोरी, तिन्ही एका शब्दात.

बोरू
एका शब्दात तीन अर्थ, म्हणजे 'नस'चीच अडचण पुन्हा. आणि 'मज्जातंतू' मला मान्य नाही. मज्जा हाडात असते.

नाडीपरीक्षा
तुमचा मुद्दा खोडता येत नाही. वाहिन्यांपर्यंत पोचणाऱ्या अनुकंपी तंतूंवर तर मायलिनचं, म्हणजे ज्याला मज्जावरण म्हणतात ते मेदाचं, वेष्टणही नसतं. तरी मी 'मज्जातंतू'च म्हणते. माझ्या आईला आजारपणात तो शब्द कळत होता. 'तंत्रिका' म्हटल्यावर ती माझ्याकडे बघत राहायची.

अर्धविराम
काल रात्री असं लिहिलं: "रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायू असतो. मज्जातंतू आणि हॉर्मोन या स्नायूला निरोप देतात. निरोप वाढला की स्नायू वाहिनीला आवळून धरतो, ती अरुंद होते आणि रक्तदाब वाढतो. निरोप कमी झाला की स्नायू सैल पडतो, वाहिनी रुंदावते." बोरू, 'संप्रेरक' मी शेवटच्या शब्दसूचीत हॉर्मोनसमोर घातलं आहे. आकुंचन कुठेच नाही, संकोच नाही, आकसणंही नाही.

मावशीने एका दमात वाचलं. मग विचारलं, "म्हणजे माझी गोळी कुणाचा निरोप अडवते?"

नाडीपरीक्षा
हा प्रश्न पुस्तिकेत घाला, त्याच शब्दांत. उत्तर गोळीवर अवलंबून आहे. काही गोळ्या अँजिओटेन्सिन तयारच होऊ देत नाहीत, काही त्याला ग्राहीला चिकटू देत नाहीत. काही स्नायूपेशीत कॅल्शियम शिरू देत नाहीत, म्हणजे निरोप पोचतो पण स्नायूला तो पाळता येत नाही. काही गोळ्यांचा निरोपाशी थेट संबंधच नसतो, त्या मूत्रपिंडावाटे मीठ-पाणी बाहेर काढतात.

बोरू
यांना अनुक्रमे 'निर्मितीरोधक', 'ग्राहीरोधक' आणि 'कॅल्शियममार्गरोधक' म्हणता येईल. 'निरोप अडवणे' हे रूपक झालं, आणि नाडीपरीक्षांच्या तिसऱ्या प्रकारात निरोप अडतच नाही, हे त्यांनीच लिहिलं आहे. शीर्षक म्हणून ते चुकीचं ठरेल.

पागोळी
तर "माझी गोळी काय करते?" असं शीर्षक द्या. आणि नियंत्रण-नियमनाचं राहूनच गेलं.

अर्धविराम
हो, राहिलं. मावशीच्या गोळीचं नाव पाकिटावर बघून उद्या लिहिते, म्हणजे त्या तीन-चार प्रकारांतली ती कुठली ते कळेल.